शेंगा चटणीची बरणी खाली काढा

सोलापुरात डाएट मोडतं ते बहुतेक वेळा संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आणि मोडतं ते शेंगा चटणीवर. चहाचं आधण ठेवलेलं असतं, स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसतं, फळीवरची बरणी हाताला लागते. एक चमचा उभ्या उभ्या, मग दुसरा, मग कडक भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यावर तिसरा. चहा गाळेपर्यंत बरणी अर्धी झालेली असते. मग स्वतःचा राग येतो, रात्रीचं जेवण बंद होतं आणि "उद्यापासून पक्कं" असं ठरतं. बरणी माळ्यावर जाते. चार दिवसांनी स्टूल लावून पुन्हा खाली येते. हे चक्र थांबवायचं तर सोडायचं ते डाएट, चटणी नव्हे.

त्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडून बघा. सकाळी लिंबू-मध-पाणी, साधारण ३० कॅलरी. नाश्त्याला पाण्यात शिजवलेले वाटीभर ओट्स, १२०. दुपारी एक भाकरी (मध्यम भाकरीला ७० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे २३५), शिवाय बिनतेलाची भाजी आणि काकडी, दोन्ही मिळून शंभर-सव्वाशे. पाच वाजेपर्यंत पोटात गेलं जेमतेम ५०० कॅलरींचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. पाचपर्यंत त्यातल्या हजार-अकराशे तरी जायला हव्या होत्या. बरणीतून गेलेली शंभर ग्रॅम चटणी होते साधारण ५२० कॅलरींची. शरीराने आपलं येणं वसूल केलं, एवढंच. यात मनाचा कमकुवतपणा शोधत बसू नका.

याची तपासणी फार पूर्वी झाली आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. स्वखुशीने आलेले, धडधाकट पुरुष. त्यांना दिवसाला सुमारे १६०० कॅलरी मिळत. आपल्याकडे बायकांच्या हातात पडणाऱ्या चार्टवर सर्रास १२०० लिहिलेलं असतं, हे लक्षात घ्या. त्या मुलांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही उरलं नाही. ते ताटं चाटू लागले, एकेक जेवण तासभर पुरवू लागले, कधी स्वयंपाक न केलेले पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं. आणि पोटभर खायला मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन् महिने भागेना. रोज रात्री मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ बघत झोपणाऱ्या, स्वतः मात्र सूप पिऊन राहणाऱ्या बाईला यात आपलं घर दिसेल.

वजन उतरलं की भूक वाढवणारी आणि भूक शमवणारी संप्रेरकं बदलतात. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन कमी केल्यानंतर वर्ष उलटलं तरी ही संप्रेरकं जुन्या पातळीवर येत नाहीत, भूक वाढलेलीच राहते. आणि पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी दोन किलोंची घट? तिच्यात मोठा वाटा पाण्याचा. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं; साठा वापरला गेला की पाणीही जातं. जेवलात की ते परत येतं, त्याला आपण "लगेच वाढलं" म्हणतो.

तर मग डाएट सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? "आजपासून काहीही खा" असं म्हणून भागत नाही. वर्षानुवर्षं दाबलेली भूक एकदम मोकळी सोडली की माणूस आठवडाभर वेड्यासारखा खातो, घाबरतो, आणि पुढचं डाएट शोधतो. क्रम महत्त्वाचा. आधी वेळ, मग प्रमाण, मग बंदी उठवणं, आणि भुकेचं ऐकणं सगळ्यात शेवटी.

पहिले दोन आठवडे फक्त वेळ पाळा. आठला नाश्ता, एकला जेवण, पाचला काहीतरी, साडेआठला जेवण. सकाळ लवकर सुरू होत असेल तर अकराला एक फळ किंवा मूठभर फुटाणे. दोन खाण्यांमध्ये पाच तासांपेक्षा जास्त अंतर नको. भूक नसली तरी खायचं, कारण या काळात भुकेच्या खुणा भरवशाच्या नसतात. मराठीत आपण म्हणतो, "भूक मेली." ती मेलेली नसते. वेळेवर न खाल्ल्याने दबते आणि संध्याकाळी दुप्पट होऊन उठते. चहाही तिला दाबतो. यंत्रमागावर, विड्या वळताना किंवा दुकानात गल्ल्यावर बसून पाच-सहा कप चहावर दुपार ढकलली जाते, तिथे रात्रीच्या ताटाला अंत नसतो. चहा बंद करू नका, पण तो खाण्याच्या बरोबर घ्या, खाण्याऐवजी घेऊ नका.

प्रमाण विचाराल तर दुपारी दोन भाकरी, वाटीभर आमटी किंवा उसळ, भाजी, थोडं दही, चटणी. एका भाकरीतून साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, वाटीभर घट्ट वरणातून आणखी तेवढीच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मुख्य अन्न भात; तिथे चार्टची पहिलीच ओळ "भात बंद" असली की घरच्या पंगतीतूनच माणूस उठतो. भात खा, चारूबरोबर (पातळ, आंबट-तिखट सार) खा, शेजारी डाळ आणि भाजी असू द्या. संध्याकाळी पाचला मात्र खरंखुरं खाणं हवं: वाटीभर पोहे, नाहीतर अर्धी भाकरी, चटणी आणि ताक. हा पाचचा घास नीट झाला की बरणीवरचा निम्मा हल्ला आपोआप थांबतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कडक भाकरी हल्ली "डाएट फूड" म्हणून पाकिटातून विकली जाते. ती हलकी लागते कारण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. पीठ असतं तितकंच. हलकी म्हणून कोरडी खात बसलं तर जबडा दुखतो, पोट भरल्याची जाणीव येत नाही. तिची चव आमटीत किंवा दह्यात मोडून, दोन मिनिटं मुरू देऊन. तशी खा.

या दोन आठवड्यांत काय बिघडतं तेही माहीत असू द्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. पोट फुगतं, वायू धरतो, जेवल्यावर जड वाटतं. बरेच दिवस कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायला वेळ लावतं. नियमित खाण्याने ते काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तोवर डाळी नीट भिजवून, हिंग घालून शिजवा. पाणी वाढवा. वजन किलो-दोन किलो वर जाऊ शकतं, पाणी आणि पोटातलं अन्न म्हणून. म्हणूनच वजनकाटा घरात ठेवू नका. माळ्यावर टाकलेला काटा बरणीसारखाच खाली येतो.

आता चटणी. बंदी एका वेळी एकाच पदार्थावरची उठवायची, आणि सुरुवात अशा पदार्थापासून करायची जो घरात सहज होतो आणि ज्याची भीती मध्यम आहे. रबडी किंवा बेकरीचा क्रीम रोल नंतर. सोलापुरात पहिला मान शेंगा चटणीचा.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं चोळून पाखडून घ्या. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ आधी उखळात कुटा, मग दोन चमचे लाल तिखट, मग दाणे मुठीमुठीने. सुरुवातीला मुसळाखाली नुसती भरड दिसते. दहाएक मिनिटांनी रंग गडद होतो, कडा चमकू लागतात आणि चटणी मुसळाला चिकटून वर येते. दाण्याने तेल सोडलेलं असतं, वरून थेंबही लागत नाही. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं तर लगदा होतो. तेल सुटण्याच्या आत थांबून केलेली कोरडी "हलकी" चटणी करू नका. त्या तेलानेच जीभ आणि पोट दोन्ही शांत होतात. ते नसलं की चमच्यावर चमचे जातात.

पुढचे दोन आठवडे ही चटणी दोन्ही जेवणांत, ताटात, बसून. दोन भरलेले चमचे, म्हणजे २५-३० ग्रॅम, वर दही किंवा कच्चं तेल. आणखी हवीशी वाटली तर आणखी घ्या, पण ताटातच. बरणी ओट्यावर डोळ्यांसमोर राहू द्या. एकट्या माणसाला पाव किलो चार-पाच दिवस पुरते. अर्ध्यावर आली की पुढची कुटून ठेवा. हे सगळ्यात जास्त चुकतं. बरणी तळाला गेली की "आता संपेल, परत मिळणार नाही" ही जुनी धास्ती जागी होते आणि तळ खरवडला जातो. पहिले चार-पाच दिवस तुम्ही ठरवल्यापेक्षा जास्त खाल, ते अपेक्षितच आहे. दहाव्या दिवसाच्या आसपास एखाद्या जेवणात चटणी घ्यायची राहून जाईल आणि ते नंतर लक्षात येईल. तिथून पुढच्या पदार्थाकडे वळा.

काहींचं दहा दिवसांत काहीच बदलत नाही. अशा वेळी दोन गोष्टी तपासा. एक, पाचचं खाणं होतंय का; उपाशी पोटी बंदी उठवली तर तो नुसता हल्ला ठरतो. दुसरी, मनात अट शिल्लक आहे का: "खाईन, पण रात्री चालून जिरवीन." अट असेल तर बंदी उठलेलीच नाही. आणि ज्याला वाटतं की या वाटेने तरी वजन उतरेल, तो अजून डाएटवरच आहे. डाएट सोडल्यावर कुणाचं वजन वाढतं, कुणाचं तिथेच थांबतं, कुणाचं थोडं उतरतं. कुठलाही आकडा आधी कबूल करता येत नाही, आणि जो करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

वेळ बसली, दोन-तीन पदार्थ मोकळे झाले, की मग भुकेकडे कान द्या. आपल्या भाषेत त्याची मोजपट्टी तयारच आहे. "काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतंय", "भूक लागलीय", "कडकडून लागलीय", "पोटात कावळे ओरडतायत", आणि मग "डोकं उठलंय, हात थरथरतायत". दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर ताट घ्या. पाचवीवर कुणालाच बेताने जेवता येत नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून पहिली भाकरी संपल्यावर पाणी पिऊन जरा थांबा. पहिल्या पायरीची, नुसत्या तोंडाची भूकही खोटी नसते. तिच्यासाठी भाजलेल्या शेंगा आणि गूळ आहेच. कंटाळा, राग किंवा एकटेपणामुळे हात बरणीकडे जात असेल तर खाऊन झाल्यावर कुणाला तरी फोन करा, पण खाण्याची शिक्षा देऊ नका.

उन्हाळ्यात हे गणित बदलतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की दुपारची भूक खरोखर जाते आणि रात्री नऊनंतर सगळी एकदम येते. तेव्हा दुपारी आंबील करा. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात रात्रभर भिजवा, सकाळी दोन-अडीच कप उकळत्या पाण्यात ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घाला, गार करून वरून आणखी ताक. सोबत अर्धी भाकरी. एवढं पोटात गेलं की रात्र सावरते.

उपवासाबद्दल हळुवारपणे, पण स्पष्ट बोलायला हवं. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. देवाचा उपवास आणि वजनाचा उपवास एकमेकांत इतके मिसळलेत की धरणाऱ्यालाही वेगळे करता येत नाहीत. एक प्रश्न स्वतःला विचारा: या उपवासाने वजन वाढणार असतं तर धरला असता का? उत्तर "हो" असेल तर धरा, पण वेळेवर फराळ करा. भगर आणि दाण्याची आमटी, दही, फळं, दोनदा पोटभर. उत्तर अडखळलं, तर पहिले सहा महिने उपवासाऐवजी दुसरा नेम घ्या: दिवा, जप, रूपाभवानीला पायी जाणं. पाहिजे तर घरच्या मोठ्यांना सांगा की तब्येतीमुळे सोडलाय. खोटं नाही ते.

माणसांचं बोलणं हा सगळ्यात अवघड भाग. लग्नात, हळदी-कुंकवाला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतसुद्धा कुणीतरी म्हणणारच, "लई सुटलीस की गं!" यावर सफाई द्यायची नाही. किती खाते, किती चालते, थायरॉइड आहे का, काही नाही. "हो मावशी. तुमचे गुडघे कसे आहेत आता?" एवढं पुरतं. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे वाक्यही घरात बंद करा, कारण ऐकणारी पोरगी दोन्ही वाक्यं जपून ठेवते. नवऱ्याला, आईला, सासूबाईंना एकदा शांतपणे सांगा: ताटावर बसल्यावर खाण्याबद्दल शेरा नको. "एवढीच का?" नको आणि "अजून?" पण नको. आग्रह झाला तर "पोट भरलंय, ही पोळी पाचला खाते" म्हणून बाजूला झाकून ठेवा आणि पाचला खरंच खा. दोनदा असं झालं की वाढणाऱ्यालाही विश्वास वाटतो.

शरीराशी जुळवून घेण्याची सुरुवात आरशासमोर करू नका, कपाटापासून करा. घट्ट ब्लाऊज दिवसभर काखेत टोचत सांगत राहतं की तू चुकीची आहेस. जे ब्लाऊज काचतात ते उलटे करून बाजूची शिवण बघा. बरेच शिंपी आत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, सोडतात. ती दोन्ही बाजूंनी उसवली की घेर दोन-तीन इंच वाढतो. बाही आणि काखही त्याच वेळी सोडवून घ्या, नाहीतर छातीला सैल आणि दंडाला करकचून असं होतं. जुन्या शिवणीची रेघ दिसते, ती दोन-तीन धुण्यांत बरीच पुसट होते. माया संपली असेल तर काळं आणि सोनेरी अशी दोन नवी शिवा, निम्म्या साड्यांवर चालतात. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्या. कमरेवर काळा वळ उठवणारी नाडी आवळलेली असली की पोट भरलंय की आवळलंय हेच कळत नाही. "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून ठेवलेले कपडे कपाटाबाहेर काढा, बहिणीला द्या किंवा त्यांची गोधडी शिवा.

चालणं ठेवा, पण जिरवण्यासाठी नको. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, वीस मिनिटं. दम लागेल तिथे बसा. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत सगळ्या अंगाच्या बायका असतात, आणि ते ४५ किलोमीटर त्याच मांड्या चालतात ज्यांना वर्षभर नावं ठेवली जातात.

मोजायचंच असेल तर वजनाऐवजी रक्तदाब, साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि हिमोग्लोबिन मोजा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा अंगावर पुन्हा उपासमार कशाला? मधुमेह असेल तर गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बदलू नका. आधी डॉक्टरांना सांगा की आता चार वेळा नियमित खाणार आहे, कारण डोस कदाचित बदलावा लागेल. गोड जेवणाबरोबर घ्या, मोकळ्या पोटी नको, आणि दोन तासांनी साखर बघून आपल्याला किती झेपतं ते शोधा. अर्धी शेंगा पोळी तूप लावून, आधी भाजी-आमटी खाऊन, बऱ्याच जणांना झेपते.

पाळी तीन महिने आली नसेल, केस मुठीने जात असतील, चक्कर येत असेल तर डॉक्टरांकडे जा. खाल्लेलं ओकून टाकणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, लपून खाणं आणि दिवसेंदिवस काहीच न खाणं, हे आजार आहेत आणि त्यांना उपचार आहेत. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. एकट्याने झुंजू नका.

आणि कितीही नीट चाललं तरी एखाद्या रात्री तुडुंब खाल्लं जाईलच. हुरडा पार्टीत, पाहुण्यांच्या गर्दीत, किंवा विनाकारण. त्या रात्री डावीकडे कुशीवर झोपा, उशी जरा उंच घ्या. सकाळी पोट जड वाटेल, नाश्ता टाळावासा वाटेल, लिंबू-मध-पाणी आठवेल. आठ वाजता पोहे करा. नेहमीपेक्षा अर्धी वाटी कमी घेतले तरी चालतील, पण बसून खा, आणि पाचला चहाबरोबर अर्धी भाकरी आणि चटणी ठरल्याप्रमाणे.